सोसण्याचा हिशेब : आफ्रिकी लेखिकांची कादंबरी आणि उत्तरवसाहतवादी विचार

त्सित्सी डांगारेंबगा यांची 'नर्व्हस कंडिशन्स' ही कादंबरी १९८८ साली लंडनच्या विमेन्स प्रेसने प्रसिद्ध केली. तिची निवेदिका तांबुद्झाई, घरातली तांबू, सुरुवातीलाच सांगून टाकते की भाऊ वारला तेव्हा तिला दुःख झाले नाही. कारण उघड आहे. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, एका गरीब शोना शेतकऱ्याच्या घरातले एकच मूल मिशनच्या शाळेत जाऊ शकत होते. भाऊ होता तोवर ती जागा त्याची होती. तो गेला आणि जागा रिकामी झाली. बहिणीची वाटचाल भावाच्या मृत्यूपासून सुरू होते. वाचकाला अवघडून टाकणारी ही सुरुवात लेखिकेने जाणून केलेली आहे. मुलीच्या जिद्दीचे कौतुक करायला बसलेल्या वाचकापुढे ती आधी त्या जिद्दीची किंमत मांडते.

स्त्रीचे सबलीकरण आणि स्त्रीचा चिवटपणा या दोन गोष्टी समकालीन कादंबरीच्या चर्चेत बहुधा जोडीने येतात आणि जणू एकच असल्यासारख्या बोलल्या जातात. आफ्रिकी लेखिकांनी त्या वेगळ्या ठेवल्या. आहे त्या परिस्थितीत तग धरणे हा चिवटपणा. त्या परिस्थितीवर थोडीफार हुकमत येणे हे सबलीकरण. पहिल्यातून दुसरे निघतेच असे नाही. उलट बाईच्या तग धरण्यावर घर, कुळ, राष्ट्र आणि साम्राज्य असा सगळ्यांचा कारभार चालतो आणि तिच्या पदरात काही पडत नाही, असेच या कादंबऱ्यांत वारंवार दिसते. तिच्या सोसण्याचा लाभ नेमका कोणाला होतो, हा त्यांचा खरा विषय आहे. उत्तरवसाहतवादी विचाराची मदत होते ती हा प्रश्न नीट विचारण्यासाठी. मात्र आरंभी या विचारालाही तो प्रश्न सुचला नव्हता.

'नर्व्हस कंडिशन्स' हे नाव त्या विचाराच्या एका मूळ ग्रंथातून आले आहे. फ्रांझ फॅनन यांच्या 'द रेचेड ऑफ द अर्थ' या १९६१ च्या ग्रंथाला ज्याँ-पॉल सार्त्र यांची प्रस्तावना आहे. वसाहतीतल्या 'नेटिव्ह' माणसाची अवस्था हाच एक मनोविकार आहे, अशा आशयाचे विधान तीत येते. फॅनन स्वतः मनोविकारतज्ज्ञ. साम्राज्य जमीन आणि खाणी तर लुटतेच, शिवाय माणसाला स्वतःकडे मालकाच्या नजरेने पाहायला शिकवते, हे त्यांनी अल्जीरियातल्या रुग्णांवरून दाखवले. पण त्यांच्या लेखनातला मध्यवर्ती 'नेटिव्ह' पुरुष आहे. अल्जीरियन स्त्रीच्या बुरख्यावर त्यांनी १९५९ मध्ये एक प्रभावी निबंध लिहिला. बुरख्याआड बाँब नेणारी आणि गरज पडली की बुरखा काढून फ्रेंच वस्तीत मिसळणारी क्रांतिकारक स्त्री त्यात आहे. क्रांती संपल्यावर तिने कोणत्या घरात परतायचे, हे मात्र तो निबंध विचारत नाही. डांगारेंबगांच्या कादंबरीतला मनोरुग्ण म्हणजे पौगंडावस्थेतली एक मुलगी आहे. फॅनन यांना दिलेले एवढे मार्मिक उत्तर सैद्धान्तिक लेखनातही क्वचितच सापडेल.

राष्ट्रवादाने बाईचे काय केले, याची सर्वांत नेमकी मांडणी भारताच्या इतिहासावरून झाली. पार्थ चटर्जी यांनी १९८९ च्या एका निबंधात दाखवले, की एकोणिसाव्या शतकातल्या बंगाली राष्ट्रवाद्यांनी जगाची 'घर' आणि 'बाहेर' अशी विभागणी केली. बाहेरच्या जगात इंग्रजांचे शास्त्र आणि राज्यकारभार शिकून घ्यायचा, घरात मात्र आपले स्वत्व राखायचे. आणि ते राखण्याची जबाबदारी बाईवर. तिने शिकावे, पण शिकून बिघडू नये. याची दुसरी बाजू कायद्यात दिसते आणि तिचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला म्हणून १८८४ साली त्यांच्यावर खटला झाला. नवऱ्याने ज्या हक्काचा आधार घेतला तो, वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा हक्क, धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून इकडे आलेला होता. १८८७ मध्ये हायकोर्टाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. हिंदू परंपरेच्या रक्षणासाठी पुढे सरसावलेले लोक प्रत्यक्षात एका इंग्रजी तरतुदीचे रक्षण करत होते. परंपरा आणि साम्राज्य बाईच्या बाबतीत असे एकमेकांच्या मदतीला धावतात, आणि आफ्रिकी कादंबरीत हे पुन्हा पुन्हा घडते.

गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८८ मध्ये ग्रंथरूपात आलेला 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' हा निबंध याच कोंडीवर बोट ठेवतो. सतीच्या वादात एकीकडे तिला वाचवणारा गोरा अधिकारी बोलतो, दुसरीकडे तिनेच ते पत्करले असे सांगणारा देशी पुरुष बोलतो. तिचे स्वतःचे म्हणणे कोणत्याच कागदावर येत नाही. स्पिवाक यांच्या प्रश्नाचा अर्थ 'दबलेल्या बाईला बोलता येत नाही' असा लावला जातो तो चूक आहे. ती बोलते, ऐकणाऱ्याकडे ते ऐकण्याची सोय नसते, असे त्यांना म्हणायचे आहे. मुंबईत जन्मलेल्या चंद्रा तळपदे मोहंती यांनी त्याच दशकात 'अंडर वेस्टर्न आइज' या निबंधात पाश्चात्त्य स्त्रीवादी अभ्यासाला जाब विचारला. अशा अभ्यासात सेनेगलची कोळीण, केनियातली शेतकरीण आणि भारतातली विणकरीण 'तिसऱ्या जगातली बाई' नावाच्या एकाच साच्यात कोंबली जाते. ती अडाणी, गरीब, परंपरेने जखडलेली. आणि तिच्या शेजारी उभी राहिल्यावर पाश्चात्त्य बाई आपोआप मुक्त दिसू लागते.

वसाहतीआधीची बाई केवळ दबलेली होती, हा समजही टिकत नाही. नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो बायकांच्या स्वतःच्या सभा होत्या, बाजारावर त्यांचे नियंत्रण होते, आणि अन्याय करणाऱ्या पुरुषाच्या दारात रात्रभर बसून, गाऊन, शिव्या घालून त्याला वठणीवर आणण्याची त्यांची मान्य रीत होती. १९२९ च्या अखेरीस बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली, तेव्हा हजारो बायकांनी हीच रीत इंग्रजांनी नेमलेल्या मुखियांवर चालवली. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मारल्या गेल्या. इंग्रज दफ्तरात याची नोंद 'आबाची दंगल' अशी झाली. इग्बो माणसे त्याला 'बायकांचे युद्ध' म्हणतात. इंग्रज प्रशासनाने ज्यांना अधिकारी मानले ते सगळे पुरुष होते, त्यामुळे बायकांच्या संस्था त्याला दिसल्याच नाहीत आणि न दिसता मोडल्या, असे ज्युडिथ व्हॅन ॲलन यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले.

बुची एमेचेटा यांची 'द जॉइज ऑफ मदरहूड' ही १९७९ ची कादंबरी या मोडतोडीनंतरची आहे. एमेचेटा यांचा जन्म १९४४ चा, लागोसचा. नवऱ्यामागोमाग लंडनला गेल्या आणि बाविसाव्या वर्षी पाच मुले घेऊन त्याच्यापासून वेगळ्या झाल्या. त्यांच्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित नवऱ्याने जाळले होते. ती त्यांनी पुढे पुन्हा लिहिली. असे चरित्र असलेल्या लेखिकेकडून विजयाची कथा येईल अशी अपेक्षा करावी, तर त्यांनी नेमकी उलटी कथा लिहिली.

कादंबरीची नायिका न्नू एगो खेड्यातून लागोसला येते. तिचा दुसरा नवरा न्नाइफे एका गोऱ्या जोडप्याकडे कपडे धुतो. गोऱ्या बाईची अंतर्वस्त्रे धुणारा हा पुरुष तिला पुरुषच वाटत नाही. गावी त्याची शेती असती, कुळात स्थान असते. शहरात त्याच्याकडे पगार आहे आणि हुकूम सोडण्यासाठी एक बायको. वसाहतीने पुरुषाचा मान घेतला आणि त्याची भरपाई घरात बाईकडून वसूल झाली, हे एमेचेटा कुठलेही भाष्य न करता दाखवतात. दुसरे महायुद्ध येते, न्नाइफेला जबरदस्तीने सैन्यात भरती करून समुद्रापार धाडले जाते. न्नू एगो सिगारेटी, लाकूडफाटा विकून मुलांच्या फिया भरते. पुढे न्नाइफेवर हल्ल्याचा खटला उभा राहतो, आणि त्या कोर्टातला प्रसंग हा कादंबरीचा कळस आहे. फी कोण भरते, असे वकील विचारतो. ती नवऱ्याचे नाव सांगते. पैसे तर तुम्ही कमावता, असे वकिलाने दाखवून देताच ती शांतपणे खुलासा करते, की नवरा तिचा मालक आहे, तेव्हा तिने भरलेले पैसे त्यानेच भरल्यासारखे आहेत. कोर्टात हशा पिकतो आणि तिची साक्ष नवऱ्याच्याच विरुद्ध जाते. गावाच्या न्यायात जे निष्ठेचे बोल ठरले असते ते इंग्रजी न्यायात पुरावा ठरतात. ती बोलते, आणि दोन्ही बाजूंना ते ऐकू येत नाही.

न्नू एगोचे मुलगे शिकायला अमेरिका आणि कॅनडाला जातात. ती रस्त्याच्या कडेला एकटीच मरते. मुले थाटाने अंत्यविधी करतात, तिच्या नावाने देऊळ बांधतात. मूल व्हावे म्हणून बायका तिथे नवस बोलायला येतात आणि ती कोणालाही मूल देत नाही. कादंबरीच्या नावातला उपरोध दुहेरी आहे, कारण ते फ्लोरा न्वापा यांच्या १९६६ च्या 'एफुरू' या कादंबरीच्या शेवटातून उचललेले आहे. न्वापांची एफुरू निपुत्रिक आहे, पण व्यापार सांभाळून मानाने जगते. एमेचेटांची नायिका मुलेबाळे असलेली आणि कंगाल. तिच्याच घरातली सवत अडाकू मात्र मुलगा नसल्याबद्दलचे टोमणे ऐकून एके दिवशी घर सोडते, कापडाचा धंदा उभा करते आणि मुलींना शाळेत घालते. तिच्या वाट्याला कादंबरीत थोडी पाने आली, आणि सबलीकरणाचे उदाहरण शोधणारे समीक्षक तिच्यावरच थबकतात. एमेचेटा यांनी केंद्रस्थानी ठेवली ती मात्र न्नू एगो. सुटून गेलेल्या बाईपेक्षा न सुटलेल्या बाईकडून व्यवस्थेची माहिती जास्त मिळते, हे त्यांना ठाऊक होते.

सेनेगलच्या मारियामा बा यांच्या 'सो लाँग अ लेटर' या मूळ फ्रेंच कादंबरीचेही साल १९७९. तीतली विधवा रामातुलाय इद्दतीच्या एकांतात मैत्रिणीला पत्र लिहिते. नवऱ्याने दुसरे लग्न केल्यावर ती घरात राहिली, तर मैत्रीण ऐसातू त्याच प्रसंगी निघून गेली. दोघींपैकी कोणाचे बरोबर, याचा निवाडा बा करत नाहीत. उत्तरवसाहतवादी समीक्षेला अडचणीत टाकणारी एक जागा मात्र इथे आहे. रामातुलाय आपल्या फ्रेंच मुख्याध्यापिकेची आठवण कृतज्ञतेने काढते. वसाहतीचे शिक्षण म्हणजे मनाची गुलामगिरी, असे ठरवून टाकलेल्या समीक्षकाला ही कृतज्ञता म्हणजे भ्रम वाटतो. पण ज्या मुलीपुढे त्या शाळेखेरीज बालविवाह एवढाच मार्ग होता तिला त्या शाळेचे ऋण वाटले, तर तिला भोळी ठरवण्यात समीक्षकाचा मोठेपणा नाही.

हीच अडचण डांगारेंबगांनी तीन कादंबऱ्या आणि तीस वर्षे लावून पिंजून काढली. तांबूला शाळेत जायचे असते. शिकून स्वयंपाक येत नाही, असे वडिलांचे मत. मुलगी स्वतः मका पिकवून फी उभी करायचे ठरवते, तर भाऊच कणसे चोरून वाटून टाकतो. शाळेतले एक शिक्षक तिला शहरात मका विकायला नेतात, तिथे एक गोरी बाई तिला मजुरीला जुंपलेले लेकरू समजून दया करते आणि दहा पौंड देते. तांबूच्या शिक्षणाचा पाया हा असा गैरसमजावर आणि भिकेवर उभा राहतो. पुढे भाऊ वारतो आणि ती मिशनवर चुलत्याच्या घरी येते. हे चुलते, बाबामुकुरू, इंग्लंडात शिकलेले, शाळेचे मुख्याध्यापक आणि साऱ्या कुळाचे पोशिंदे आहेत. त्यांची पत्नी मायगुरू हिनेही इंग्लंडात एम.ए. केले आहे, हे तांबूला कितीतरी उशिरा कळते, कारण घरात त्याचा उल्लेखच होत नाही. मायगुरूही नोकरी करते आणि तिचा पगार कुळाच्या खर्चात जातो. एकदा ती संतापून माहेरी भावाकडे निघून जाते आणि पाच दिवसांनी परतते. शिक्षण आणि पगार मिळाला की बाई स्वतंत्र झाली, या समजाला मायगुरूच्या रूपाने मिळालेले उत्तर अजून जुने झालेले नाही.

मायगुरूची मुलगी न्याशा लहानपणची काही वर्षे इंग्लंडात राहिलेली आहे. ती इंग्रजीत विचार करते, बापाला उलट उत्तरे देते, आणि या घरात सत्ता ताटातून चालते हे तिने ओळखले आहे. मांसाची वाटणी कोण करतो, आधी कोण जेवते, कोणी किती खावे, हे सगळे पुरुष ठरवतो. म्हणून तिचे बंड अन्नाशी होते. ती खाते आणि ओकून टाकते, रात्रंदिवस अभ्यास करते, आणि शेवटी एका झटक्यात इतिहासाचे पुस्तक दातांनी फाडते. तिला गोऱ्या मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात, तेव्हा आफ्रिकी माणसांना असला आजार होतच नाही, असा त्याचा निर्वाळा. साम्राज्याने दिलेला रोग साम्राज्याच्या वैद्यकाला दिसत नाही. फॅनन यांचे सगळे विवेचन या एका प्रसंगात आले आहे, आणि फॅनन यांना न दिसलेली मुलगीही आली आहे.

या कादंबरीत निखळ हसू आणणारी एकच बाई आहे, तांबूची मावशी लुसिया. ती अशिक्षित आणि अविवाहित आहे, आणि पोटुशी आहे. कुळातल्या पुरुषांची बैठक तिच्या भवितव्याचा निर्णय करत असते, तेव्हा ती आत शिरून आपल्याबद्दल खोटे बोलणाऱ्याचा कान धरून त्याला उठवते. अर्थात, नोकरीसाठी तिलाही बाबामुकुरूंचाच वशिला लावावा लागतो.

या घरगुती राजकारणाला कायद्याची चौकट होती. वसाहतकाळात गोऱ्या अधिकाऱ्यांनी आणि शोना मुखियांनी मिळून 'रूढी' म्हणून जे नियम लिहून काढले, त्यांनुसार काळी स्त्री आयुष्यभर अज्ञान मानली जाई. आधी बापाच्या आणि मग नवऱ्याच्या ताब्यात. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाला आणि १९८२ च्या कायद्याने तिला अठराव्या वर्षी सज्ञान ठरवले. मुक्तियुद्धात बायका बंदुका घेऊन लढल्या होत्या, त्यामुळे हे होणारच होते असे वाटावे. पण १९८३ मध्ये नव्या सरकारने शहरे 'स्वच्छ' करण्याची मोहीम काढली आणि रस्त्यात एकट्या दिसलेल्या शेकडो बायकांना वेश्या ठरवून पकडले. त्यांत नोकरीवरून परतणाऱ्याही होत्या. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मगाया खटल्यात रूढीचा आधार घेऊन थोरल्या मुलीऐवजी धाकट्या मुलाला वारस ठरवले. पार्थ चटर्जींनी बंगालमध्ये पाहिलेली घर-बाहेरची रेघ हरारेत पोलीस आणि न्यायाधीश आखत होते.

तांबूच्या कथेचा दुसरा भाग 'द बुक ऑफ नॉट' २००६ साली आला. तांबू आता नन्सच्या शाळेत आहे. तिथे मोजक्याच काळ्या मुली घेतल्या जातात आणि त्यांना एकाच खोलीत दाटीने ठेवले जाते. तिची धाकटी बहीण युद्धात पाय गमावते. तांबू परीक्षेत सर्वांत चांगले गुण मिळवते आणि मानाचा चषक एका गोऱ्या मुलीला दिला जातो. तांबू आक्षेप घेत नाही. कमी पडलो ते आपणच, असे मानून आणखी मेहनत करते. पुढे जाहिरात कंपनीत तिने लिहिलेला मजकूर गोऱ्या सहकाऱ्याच्या नावावर जमा होतो. 'अजून कष्ट केले तर जमेल' हा जो मंत्र मुलींना सबलीकरणाच्या नावाने दिला जातो, तो इथे आजाराचे लक्षण आहे. तिन्ही भागांत वाचायला सर्वांत कष्टाचा हाच भाग आहे आणि समीक्षेने त्याच्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. हरत राहणारी आणि स्वतःलाच बोल लावणारी नायिका कोणत्याच सिद्धान्ताला आपली म्हणावीशी वाटत नाही.

तिसरा भाग, 'धिस मोर्नेबल बॉडी', २०१८ चा. या भागाचे निवेदन द्वितीय पुरुषात आहे; तांबू आता स्वतःला 'मी' म्हणू शकत नाही, कादंबरी तिच्याशी 'तू' म्हणून बोलते. चाळिशीकडे झुकलेली तांबू बेकार आहे, हरारेतल्या एका वसतिगृहात राहते. सुरुवातीच्या पानांत एका तरुणीच्या तोकड्या कपड्यांवरून रस्त्यावरचा जमाव तिच्या अंगावर जातो. ती तांबूच्याच वसतिगृहातली. तांबू तिला ओळखते, आणि जमावात उभी राहून दगड उचलते. १९८३ ची मोहीम सरकारने चालवली होती. आता ती लोकांच्या हातात आली आहे आणि त्यांत एक शिकलेली बाईही आहे. पुढे शाळेत शिकवताना ती एका विद्यार्थिनीला बेदम मारते आणि स्वतः मनोरुग्णालयात पोहोचते. जर्मनीत संसार थाटून परतलेली न्याशा तिला घरी आणते. तांबूला मग काम देते ती चषक पटकावणारी तीच गोरी वर्गमैत्रीण, आपल्या पर्यटन कंपनीत. परदेशी पाहुण्यांना अस्सल आफ्रिकी खेडे दाखवायचे, आणि तांबू त्यासाठी स्वतःचे गाव देऊ करते. गावच्या बायकांनी उघड्या छातीने नाचायचे ठरते. नाच सुरू असताना एक पाहुणा फोटो काढू लागतो तेव्हा तांबूची आई त्याचा कॅमेरा हिसकावून फोडते.

मोहंतींनी ज्या साच्याची तक्रार केली होती तो साचा इथे विक्रीला निघाला आहे, आणि विकणारी त्याच गावची लेक आहे. १९९५ च्या बीजिंगच्या जागतिक महिला परिषदेनंतर 'सबलीकरण' हा विकाससंस्थांच्या अर्जांतला ठरलेला शब्द झाला. त्याआधीच १९९१ पासून झिंबाब्वेत आर्थिक पुनर्रचनेच्या नावाखाली नोकऱ्या आणि शाळा-दवाखान्यांवरचा खर्च आटत चालला होता. सरकारने हात काढून घ्यायचे आणि बायकांच्या चिवटपणाची वाखाणणी करायची, असा हा काळ. तांबूची आई या वाखाणणीला बळी पडत नाही, कारण तिला कोणी शिकवलेलेच नाही. हे विधान शिक्षणाच्या विरोधातले समजले जाण्याचा धोका आहे. डांगारेंबगा तेवढ्या सरळ नाहीत: आईनेही अख्खी त्रयी मुलीवर रोष धरला आहे, आणि तिच्या हातात फोडण्यापलीकडे काही नाही.

मराठी वाचकाला इथे देशीवादाची चर्चा आठवेल. आपल्या मुळांकडे परतावे, हा आग्रह वसाहतवादाला दिलेले उत्तर म्हणून बलवान आहे. तांबू, न्याशा आणि मायगुरू यांच्यापुढे ठेवले, की हे उत्तर लंगडे पडते. परतायचे ते घर बाबामुकुरूंचे आहे. जेवणाची पंगत तीच, आणि शेवटी जेवणारेही तेच.

चिमामांडा न्गोझी अडिची यांच्या पिढीला लंडन-न्यूयॉर्कचे प्रकाशक सहज मिळाले आणि वाचकही जगभर मिळाला. त्यांच्या 'हाफ ऑफ अ यलो सन' या २००६ च्या कादंबरीत १९६७ ते १९७० चे नायजेरियातले बियाफ्राचे युद्ध आहे. ओलाना आणि काइनेने या श्रीमंत घरातल्या जुळ्या बहिणी. युद्ध त्यांची श्रीमंती खरवडून काढते. काइनेने निर्वासितांची छावणी चालवते, अन्न मिळवण्यासाठी शत्रूच्या मुलखात व्यापाराला जाते आणि परत येत नाही. असा व्यापार त्या युद्धात इग्बो बायकांनी खरोखरच केला होता. शेवटी कळते, की कादंबरीत मधूनमधून दिसणाऱ्या युद्धावरच्या ग्रंथाचा लेखक इंग्रज रिचर्ड नसून खेड्यातून आलेला घरगडी उगवू आहे. इतिहास लिहिण्याचा हक्क वसाहतीतल्या माणसाकडे आला, असे म्हणून समीक्षा इथे समाधानाने थांबते. पण सैनिक असताना याच उगवूने एका दारूच्या गुत्त्यात इतर सैनिकांसोबत तिथल्या मुलीवर बलात्कार केला आहे. त्या मुलीला कादंबरीत नाव नाही आणि तिची बाजूही नाही. अडिची यांनी ते बोचरे ठेवले हे त्यांचे धैर्य. तरी काइनेनेच्या शेवटाला जी उंची मिळाली ती गुत्त्यातल्या मुलीला मिळालेली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

या सगळ्या कादंबऱ्या इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये आहेत आणि बहुतेकींचे पहिले प्रकाशन आफ्रिकेबाहेर झाले. न्गुगी वा थ्योंगो यांनी १९८६ मध्ये आफ्रिकी लेखकाने आफ्रिकी भाषेतच लिहावे, असा आग्रह धरला आणि तो त्यांनी स्वतः गिकुयूत लिहून पाळला. त्यांचा युक्तिवाद खोडून काढणे अवघड आहे. पण भाषेची निवड बाईसाठी वेगळी होती. ज्या गावात मुलीला शाळाच मिळत नव्हती तिथे तिला कोणत्याच भाषेत लिहिता येत नव्हते. ग्रॅहम हगन यांनी २००१ मध्ये मांडलेला मुद्दा अधिक टोचणारा आहे: पाश्चात्त्य बाजारात 'परके' हाच विक्रीयोग्य माल होतो, आणि उत्तरवसाहतवादी कादंबरीही त्यातून सुटत नाही. सोसून सोसून उभी राहिलेली आफ्रिकी बाई हे आज मुखपृष्ठावर चालणारे चित्र आहे. डांगारेंबगांनी पर्यटन कंपनीची कल्पना रचली ती याच बाजाराकडे पाहून, असे मानायला जागा आहे. आपलीही कादंबरी त्या खेड्याच्या सहलीसारखी वाचली जाईल, याचे भान तीत आहे.

उत्तरवसाहतवादी विचाराने या कादंबऱ्या वाचण्याची एक शिस्त दिली: बाईवरचा अन्याय एकट्या रूढीच्या खात्यावर टाकायचा नाही, साम्राज्य, बाजार आणि स्वतंत्र राष्ट्राचे कायदेही तपासायचे. त्याची मर्यादाही इथेच दिसते. प्रतिकार शोधण्याच्या भरात तो बाईच्या प्रत्येक कृतीत बंड पाहू लागतो आणि तांबूचा दगड किंवा न्नू एगोची साक्ष त्याला गैरसोयीची होते. चांगली समीक्षा या गैरसोयीपासून सुरू व्हायला हवी.

'धिस मोर्नेबल बॉडी' जुलै २०२० मध्ये बुकर पारितोषिकाच्या दीर्घ यादीत आली. त्यानंतर काही दिवसांतच हरारेच्या रस्त्यावर फलक घेऊन शांतपणे उभ्या असलेल्या डांगारेंबगांना पोलिसांनी अटक केली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना दोषी ठरवून दंड आणि स्थगित कारावासाची शिक्षा झाली. मे २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली.